‘साधी गाठ’ म्हणण्याआधी: जिल्ह्यातल्या डॉक्टरांना एका पॅथॉलॉजिस्टचं खुलं पत्र

जिल्ह्यातले सर्व सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या लॅबमध्ये खोकल्याच्या सिरपची एक रिकामी प्लास्टिकची बाटली आली. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, कुणीतरी लिंबाएवढी मऊ गाठ तिच्या बारीक तोंडातून दाबून आत घातली होती आणि वरून फॉर्मालिन, म्हणजे गाठ सडू न देणारं द्रावण, ओतलं होतं. रात्रभरात फॉर्मालिनने आपलं काम केलं, गाठ टणक झाली आणि आत गेलेली बाहेर येईना. शेवटी आमच्या टेक्निशियनने बाटली कात्रीने उभी कापली. गाठ ट्रेमध्ये पडली तेव्हा तिच्या एका अंगाला बाटलीच्या मानेचा वळ उमटला होता. सोबतच्या फॉर्मवर बाईचं नाव, वय ३८, आणि पुढे दोन शब्द: ‘लम्प ब्रेस्ट’. डावा की उजवा, तेही नाही.

मी या शहरात २६ वर्षं पॅथॉलॉजीची प्रॅक्टिस करते आहे. तुमच्यापैकी निम्म्यांना चेहऱ्याने ओळखते, उरलेल्यांना फॉर्मवरच्या सहीने. डॉक्टरांच्या बैठकीत हा विषय काढला की चहा येतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सगळ्यांना एकदाच, उघड लिहिते आहे. पेशंट आणि त्यांची माणसंही वाचतील, वाचू देत. कुणाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नाती बदलली आहेत. गाठी मात्र जशा होत्या तशाच सांगते.

विषय आहे स्तनातल्या अशा गाठींचा, ज्या बहुतेक वेळा कॅन्सर नसतात आणि फायब्रोॲडिनोमा या तरुण मुलींतल्या नेहमीच्या साध्या गाठीही नसतात. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच त्या येतात. पण जेव्हा येतात तेव्हा आपण सगळे मिळून त्यांची जी परवड करतो, ती मला आता बघवत नाही.

आधी माझीच चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एका बाईची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, माझ्याकडे आली. स्लाइडवर मोठमोठ्या, दाणेदार पेशी. फॉर्मवर जागा लिहिलेली नव्हती, गाठ किती दिवसांची आहे ते नव्हतं. मॅमोग्राफीचा रिपोर्ट तेवढा जोडला होता: काटेरी कडांची सावली, वरची त्वचा आत ओढलेली, बायरॅड्स ५, म्हणजे कॅन्सरची शक्यता सगळ्यात जास्त. तो वाचून मी पुन्हा स्लाइडकडे पाहिलं आणि मला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. मी लिहिलं, ‘कॅन्सरची दाट शंका’. फोन उचलून दोन प्रश्न विचारायला हवे होते. नाही विचारले. संध्याकाळची वेळ होती, अजून बऱ्याच स्लाइड बघायच्या होत्या.

त्या कागदाने घरात काय केलं ते मला मागाहून कळलं. नवऱ्याने दोन दुभत्या म्हशी विकल्या. मुलीचं पुण्याला शिकायला जाणं रहित झालं. स्तन आणि काखेतल्या गाठी काढायची तारीख ठरली, गावच्या देवीला नवस बोलून झाला.

तारखेच्या चार दिवस आधी सर्जनचा फोन आला. ते तुमच्यातलेच आहेत, हे वाचतील तेव्हा ओळखतील. म्हणाले, “मॅडम, काखेत काहीच लागत नाही. आणि गाठ तीन वर्षांपासून आहे म्हणते. मला पटत नाही. मी ट्रूकट घेतोय.” जाड सुईने काढलेले ते ट्रूकटचे तुकडे बघितले आणि माझे कान गरम झाले. दाणेदार पेशी तशाच, पण केंद्रकं बारीक, शांत, एकसारखी. पेशींची जात ओळखायला लावलेल्या मार्करांपैकी कॅन्सरकडे बोट दाखवणारं केराटिन निगेटिव्ह, मज्जातंतूच्या पेशींत दिसणारं एस-१०० ठणठणीत पॉझिटिव्ह. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर.

ही गाठ १९२६ साली मॉस्कोच्या अब्रिकोसॉफ या पॅथॉलॉजिस्टने वर्णन केली. त्याला ती स्नायूची वाटली होती. ती मज्जातंतूवरच्या श्वान पेशींची आहे हे पुढे कळलं. सगळ्यात जास्त जिभेवर होते, शंभरातल्या पाच ते आठ स्तनात. शंभरातल्या जवळपास सगळ्या सौम्य निघतात. दुष्ट निघालेली क्वचितच, एखाद-दुसरी. पण रूप घेते ते हुबेहूब कॅन्सरचं. हाताला दगड लागतो, त्वचा ओढली जाते, मॅमोग्राफीत काटे दिसतात. एक खूण मात्र ती सोडते. स्तनाचा कॅन्सर बहुधा वरच्या-बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला सापडतो. ही गाठ वरच्या-आतल्या भागात, छातीच्या हाडाकडे जास्त सापडते. गळ्याखालच्या आडव्या हाडावरून येणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा तिथे पसरलेल्या असतात ना. या बाईची गाठ नेमकी तिथेच होती. म्हणजे फॉर्मवरचा जो रकाना मोकळा राहिला होता, उत्तराचा अर्धा भाग तिथेच होता.

भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट गाठ काढली, काम झालं. स्तन राहिला, काख राहिली, केमो नाही, किरणांचा शेक नाही. म्हशी मात्र परत आल्या नाहीत.

म्हणून पहिली विनवणी. केवळ एफएनएसीवर किंवा केवळ मॅमोग्राफीवर स्तन काढू नका, मग एफएनएसीवर माझी सही का असेना. सुईत सुट्या पेशी येतात. त्यांची रचना, शेजारपाजार येत नाही. ट्रूकटमध्ये तो येतो. हाताची तपासणी, इमेजिंग आणि तुकडा, या तिघांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. तिघांपैकी एक जरी वेगळं बोलत असेल तर थांबायचं. तुमच्या त्या सहकाऱ्याने दुसरं काही केलं नाही. त्यांना पटलं नाही, म्हणून ते थांबले.

आता उलटी चूक. ही कितीतरी जास्त वेळा होते, आणि तिचा बोभाटा होत नाही कारण तिचा कागदच नसतो.

हे दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, कदाचित त्यात उभेही राहिला आहात. ऑपरेशन संपतं. ओटीचं दार किलकिलं होतं. मावशी किडनी ट्रे घेऊन बाहेर येतात, त्यात गॉजवर गाठ. मागून सर्जन, मास्क हनुवटीवर. “ही बघा, काढली. साधी आहे, काही टेन्शन नाही.” नवरा मान हलवतो, सासू पदर तोंडाला लावते, भाऊ मोबाइलमध्ये फोटो काढतो. ट्रे आत जातो. आणि गाठ दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

अशाच एका ट्रेमधली गाठ आठ महिन्यांनी माझ्याकडे आली. म्हणजे ती नव्हे, तिची पुढची पिढी. बाई एक्केचाळीस वर्षांच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या. जुन्या टाक्यांच्या वणाखालीच पुन्हा फुगली होती, या खेपेला नारळाएवढी. कापल्यावर आतून कोबीचा गड्डा उभा चिरावा तशी: पानांवर पानं, मध्ये फटी. फिलॉडिस ट्यूमर, बॉर्डरलाइन, म्हणजे सौम्य आणि दुष्ट यांच्या मधल्या दर्जाचा. मी नवऱ्याला विचारलं, पहिल्या वेळचा रिपोर्ट? तो म्हणाला, “डॉक्टर म्हणाले तपासायची गरज नाही. माझ्याकडे फोटो आहे.” आणि त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर स्टीलचा ट्रे, गॉज आणि एक गुलाबी-पांढरा गोळा. मी तो फोटो मोठा करून बघितलासुद्धा. वेड्यासारखी, जणू फोटोत पेशी दिसणार होत्या.

पहिली गाठ सौम्य होती का, कडेपर्यंत पूर्ण निघाली होती का, की तेव्हाच बॉर्डरलाइन होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तपासणीचे आमच्याकडे हजार-बाराशे रुपये लागले असते.

फिलॉडिसचं नाव योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली ठेवलं. ग्रीकमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून. त्याने पुढे ‘सार्कोमा’ही जोडलं आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं त्या शब्दाने लोकांना उगीच घाबरवलं, कारण यातल्या बहुतेक गाठी सौम्यच असतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘फिलॉडिस ट्यूमर’ एवढंच नाव ठेवलं आणि आता आपण तिच्या सौम्य, बॉर्डरलाइन आणि दुष्ट अशा तीन प्रती करतो. स्तनाच्या सगळ्या ट्यूमरमध्ये हिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. फायब्रोॲडिनोमा विशी-पंचविशीतल्या मुलींचा, ही साधारण चाळिशीच्या आसपासची. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. सोनोग्राफीत गुळगुळीत, बोटाखाली निसटणारी, न दुखणारी. फरक वेगाचा. वर्षानुवर्षं बोराएवढी असलेली गाठ दोन महिन्यांत पेरूएवढी झाली, असं बाई सांगते तेव्हा तिचं ऐका. ती अतिशयोक्ती करत नसते, ब्लाउज उसवून घेतलेला असतो तिने.

इथे हातोटीचा प्रश्न येतो. फायब्रोॲडिनोमा तुम्ही बोटाने सोलून काढता, भुईमुगाच्या शेंगेतून दाणा काढावा तसा, आणि ते योग्यच आहे. फिलॉडिसला खरं आवरण नसतं. दिसतं ते दाबलं गेलेलं भोवतालचं मांस. त्यातून तिची बोटं बाहेर डोकावत असतात. सोलली की ती बोटं मागे राहतात. म्हणून चाळिशीतली बाई, झपाट्याने वाढलेली गाठ, तीन-चार सेंटिमीटरच्या वरचा आकार, यातलं काही असेल तर आधी ट्रूकट, आणि काढताना भोवती थोडी निरोगी कड.

ट्रूकटवरही मी कधी कधी लिहिते, ‘फायब्रोएपिथेलियल गाठ, फिलॉडिस नाकारता येत नाही’. फायब्रोॲडिनोमा आणि फिलॉडिस दोन्ही याच कुळातल्या. या वाक्यावरून मला फोनवर बरंच ऐकवलं गेलं आहे. “मॅडम, एक काहीतरी सांगा ना.” अहो, चार बारीक तुकड्यांत गाठीचा जो भाग आला तो फायब्रोॲडिनोमासारखा असू शकतो आणि शेजारचा नसू शकतो. जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांची इथे हीच अडचण आहे. त्या वाक्याचा अर्थ एवढाच घ्या: पूर्ण काढा, अखंड पाठवा, मग दर्जा सांगते.

आणि दर्जा सांगितल्यावर त्याप्रमाणे चाला. सौम्य निघाली आणि गाठ कापलेल्या कडेला एखाद्या ठिकाणी टेकली असेल, तर लगेच दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायची गरज नाही. आता अशा बाईवर नीट लक्ष ठेवणं पुरेसं मानतात. सहा महिन्यांनी दाखवायला सांगा, आणि ती येते की नाही ते बघा. बॉर्डरलाइन किंवा दुष्ट असेल तर साधारण एक सेंटिमीटरची मोकळी कड हवी. काख मात्र कुठल्याच दर्जाला सरसकट साफ करू नका. दुष्ट प्रकार पसरला तरी रक्तातून, फुप्फुसाकडे. काखेतल्या गाठींत तो फार क्वचित जातो. गेल्या काही वर्षांत दोनदा मी सौम्य फिलॉडिससोबत आलेल्या काखेतल्या पंधरा-सोळा निरोगी लसिका ग्रंथी मोजल्या आहेत. त्या बायकांचा हात सुजला असेल का, हा विचार त्या मोजताना येतोच. टॅमोक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीचाही इथे उपयोग नाही. पेशंटला ‘सेफ्टीसाठी’ म्हणून दिलेली चिठ्ठी मी पाहिली आहे. कुणाची सेफ्टी, ते कळलं नाही.

फॉर्म कोरा राहिल्याने मी हास्यास्पद ठरते तो प्रकार म्हणजे हॅमार्टोमा. हे नाव स्तनातल्या गाठीला १९७१ पासून लागलं. चरबी, दुधाच्या नळ्या, तंतू, सगळं घरचंच सामान, फक्त एका गोळ्यात बांधलेलं. मॅमोग्राफीत ती इतकी सुंदर दिसते की रेडिओलॉजिस्ट तिला ‘स्तनातला स्तन’ म्हणतात. पण तेच सामान सुट्या तुकड्यांत माझ्याकडे आलं की स्लाइडवर निव्वळ नेहमीचा स्तन दिसतो. मग मी लिहिते, ‘सामान्य स्तन-ऊती’. तुम्ही चिडता, गाठ काढून पाठवली आणि ही बाई म्हणते काही नाही. पेशंटच्या नवऱ्याला वाटतं बिलासाठी ऑपरेशन केलं. ‘आवरण असलेली, सहा सेंटिमीटरची, मॅमोग्राफीत हॅमार्टोमा’ एवढी एक ओळ असती तर मीही तेच नाव छातीठोकपणे लिहिलं असतं.

पुरुषांचा विषय कुणीच काढत नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. शर्टाच्या खिशात पेन ठेवताना त्यांना गाठ लागली. दीड वर्ष कुणाला बोलले नाहीत. बायकांचं दुखणं आपल्याला कसं, ही लाज. वेटिंगमध्ये पेपर उघडून त्याच्या आड बसले होते. तुकड्यात सूतकताईच्या चातीसारख्या पेशी, मध्ये गुलाबी तंतूंचे जाड पट्टे: मायोफायब्रोब्लास्टोमा. १९८७ साली अमेरिकेत अशा १६ गाठी एकत्र मांडून हिला वेगळं नाव दिलं गेलं, आणि त्यातले बहुतेक पेशंट पुरुषच होते. ही पूर्ण सौम्य गाठ, काढली की संपलं. पण हिच्यात हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह येतात आणि काही वेळा पेशी अशा गोलसर होतात की लोब्युलर कॅन्सर वाटावा. एकटा ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, बघून निकाल दिला तर माणूस हकनाक कॅन्सर वॉर्डात जातो. सीडी-३४ आणि डेस्मिन हे मार्करही लावावे लागतात. एकेका मार्करला पैसे पडतात, नातेवाईक कुरकुरतात, आणि तुम्हीही मला “कशाला एवढं?” म्हणता. यासाठी.

पॅश या आणखी एका सौम्य प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. पूर्ण नाव उच्चारताना मलाच दम लागतो. १९८६ साली वर्णन झालेला हा प्रकार. तंतूंत रक्तवाहिन्यांसारख्या फटी दिसतात, पण त्या वाहिन्या नसतात. नवखा डोळा अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, म्हणून किंचाळू शकतो. ट्रूकटवर निदान झालं आणि इमेजिंगशी जुळलं तर कित्येकदा काढायचीही गरज नसते.

बोंडावर खपली धरलेली, ओलसर चट्टा असलेली बाई दिसली की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पॅजेट, म्हणजे बोंडावर दिसणारा कॅन्सर, येतो, आणि यायलाच हवा. पण बोंडाचा ॲडिनोमा अगदी तसाच दिसतो, आणि तो सौम्य असतो. दोन्हींत फरक करायला त्वचेचा छोटा तुकडा पुरतो. मलमाच्या चौथ्या ट्यूबऐवजी तो तुकडा घ्या.

एका गाठीपुढे मात्र माझे हात अजूनही थबकतात. फायब्रोमॅटोसिस. कॅन्सर नाही, कारण ती दूर कुठे जात नाही. सौम्य म्हणायला जीभ रेटत नाही, कारण जिथे आहे तिथे ती हरळीसारखी पसरते. शेतकऱ्यांच्या घरातल्यांना हरळी म्हणजे काय ते सांगायला नको. वरून उपटा, खाली एक पेर राहिलं की पुन्हा तीच. छातीच्या स्नायूत शिरते, जुन्या ऑपरेशनच्या व्रणाजवळ उगवते. स्तनाच्या ट्यूमरमध्ये हजारात दोन इतकीसुद्धा नाही. मार्करमध्ये बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात चढलेलं दिसलं की माझी खात्री पटते. पूर्वी हिला मोठमोठ्या ऑपरेशनांनी खणून काढत. आता लगेच सुरी न लावता एमआरआय करून काही महिने नजर ठेवणं हा पहिला पर्याय धरतात. काही वाढायच्या थांबतात, काही आपोआप आक्रसतातही. आणि इथे एक प्रश्न विचारायला विसरू नका: घरात कुणाला आतड्यात खूप पॉलिप झाले होते का, तरुणपणी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता का? ती एक वंशपरंपरेची कडी आहे. स्तनाच्या गाठीच्या फॉर्मवर आतड्यांचा इतिहास कोण लिहिणार, असं वाटेल. लिहा.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. चौदा वर्षांची एक मुलगी, आईबरोबर आली होती. पाच महिन्यांत एक बाजू दुपटीहून मोठी झाली, म्हणून वर्गात दप्तर छातीशी धरून बसायची. पीटीच्या तासाला पोट दुखतं असं सांगायची. कुणीतरी आईला सांगितलं होतं की पूर्ण काढावा लागेल. सर्जनने ट्रूकट करून घेतली, ज्युव्हेनाइल फायब्रोॲडिनोमा निघाला. खालच्या घडीतून छेद देऊन त्यांनी तो अखंड बाहेर काढला. मी तराजूवर ठेवला, ६४० ग्रॅम. पाच सेंटिमीटर किंवा पाचशे ग्रॅमच्या वर गेला की त्याला जायंट म्हणतात, पण जायंट म्हणजे दुष्ट नव्हे. दाबला गेलेला निरोगी स्तन मोकळा होतो आणि काही महिन्यांत बराचसा आपल्या आकारात येतो. कोवळ्या मुलीचा स्तन गाठीसाठी काढून टाकणं हा उपचार नाही.

आई रिपोर्ट घ्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “मॅडम, त्याच्यावर छातीचं काही लिहू नका. उद्या स्थळं येतील. आणि व्हॉट्सॲपवर नका पाठवू, नंबर तिच्या काकांचा आहे.” मी जे लिहायचं तेच लिहिलं, लखोटा चिकटवला आणि तिच्या हातात दिला. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला आहे: रिपोर्ट कुणाला द्यायचा. तो तरी भरत जा. लग्नाआधी गुपचूप गाठ काढायची आणि कागदच ठेवायचा नाही, ही घरच्यांची मागणी असते हे मला ठाऊक आहे. ती तुम्ही मान्य करता तेव्हा त्या मुलीकडे पुढच्या आयुष्यात दाखवायला काहीच उरत नाही.

फॅमिली डॉक्टरांसाठी थोडं. तुमच्याकडे बाई पहिल्यांदा येते आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कारणासाठी आलेली असते. उठता उठता सांगते. तिच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या असतात: गाठीला लोखंड लागलं की ती भडकते, आणि दुखत नाही म्हणजे घाबरायचं कारण नाही. दोन्ही खोट्या आहेत आणि ते तुमच्याच तोंडून ऐकलं तर तिला पटतं. माझं कोण ऐकणार, मी काचेमागची बाई. दुसरं, रिपोर्ट वाचून ‘निगेटिव्ह आला’ एवढंच सांगून पाठवू नका. निगेटिव्ह हे काही गाठीचं नाव नव्हे. तिचं नाव एका चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या, पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरसमोर बसल्यावर तिला ते सांगता यायला हवं. आणि स्तनातून पू येतोय, सुजलंय म्हणून तुकडा न तपासता एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करणं आता थांबवू या. टीबी आपल्याकडे आहे, नाकारत नाही. पण ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा एक टीबी नसलेला आजार तोच चेहरा घेऊन येतो, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी त्याचं काही होत नाही.

सर्जन मित्रहो, ओटीतल्या काही गोष्टी. गाठ काढल्यावर ‘आत काय आहे’ बघायला ती मधोमध चिरू नका. मोह होतो, मला कळतं. पण चिरलेल्या गाठीच्या कडा मला नीट सांगता येत नाहीत. एक लांब टाका बाहेरच्या बाजूला आणि एक आखूड वरच्या बाजूला, एवढं केलंत की कुठली कड टेकली ते मी नेमकं सांगू शकते. अर्धी गाठ माझ्याकडे आणि अर्धी ‘खात्रीसाठी’ दुसऱ्या लॅबमध्ये, हा प्रकार नातेवाईकांच्या आग्रहाखातर होतो. दोघांनाही अर्धीच गाठ मिळते आणि दोघांचे रिपोर्ट वेगळे आले की भांडण लागतं. दुसरं मत हवंच असेल तर तयार ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, आणि स्लाइड घेऊन जा. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक फेरतपासणीला घेतात, आणि अडलं की मी स्वतः तो सल्ला देते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. सव्वीस वर्षांत ॲडिनोमायोएपिथेलिओमा या दुर्मिळ प्रकाराचे ट्यूमर मी मोजून तीन पाहिले आहेत. चौथा आला तर मी कुणाला तरी विचारणारच.

माझ्या बाजूने मी तीन गोष्टी मान्य करते. स्तनाच्या एफएनएसीवर ‘दाट शंका’ लिहिण्याआधी मी तुम्हाला फोन करीन, कितीही वाजले असले तरी. इमेजिंग आणि माझा तुकडा यांचं जुळत नसेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहीन, गुळमुळीत ठेवणार नाही. आणि ज्या पेशंटला खरंच परवडत नाही तिची गाठ नुसती पाठवा, पैशांचं आपण नंतर बघू. पिवळ्या पिशवीत टाकू नका.

आपली,
लॅबच्या काचेमागची पॅथॉलॉजिस्ट

ता. क.: रुंद तोंडाच्या शंभर प्लास्टिक बरण्या मागवून ठेवल्या आहेत, लहान आणि मोठ्या. प्रत्येकीवर आतून-बाहेरून पुसली न जाणारी रेघ मारली आहे. गाठ रेघेच्या खाली राहिली पाहिजे आणि फॉर्मालिन झाकणापर्यंत आलं पाहिजे. गाठीच्या दहापट हा हिशेब त्यात आपोआप बसतो. पाणी, सलाइन, स्पिरिट घालू नका, आणि काढल्यापासून तासाच्या आत गाठ त्यात बुडू द्या. तुमच्या कंपाउंडरला सकाळी दहानंतर कधीही पाठवा, बरण्या फुकट आहेत. फॉर्म नवीन छापला आहे, एकाच पानाचा. डावा-उजवा यावर नुसता गोल करायचा आहे.